चार भोकांचं खोकं

१८ जानेवारी, रविवार

आज इमारतीच्या सभेत मांजर समिती स्थापन झाली. निमंत्रक म्हणून एकमताने माझी निवड. मी त्या वेळी पाणी प्यायला बाहेर गेलो होतो, तरीही. लोकांचा विश्वास असावा तर असा, माणसाच्या पाठीमागेसुद्धा.

प्रश्न गंभीर आहे. जिन्यात मांजर, पार्किंगमध्ये मांजर, अध्यक्षांच्या गाडीच्या बॉनेटवर मांजर. मोजायला गेलं की मधेच एखादं जागा बदलतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तळमजल्यावरच्या मावशी त्यांना खायला घालतात. सगळ्याचं मूळ तिथे आहे, असं माझं स्पष्ट मत.

मावशींनीच सभेत उपायही सुचवला. महिन्याच्या सुरुवातीला पालिकेची गाडी या भागात येते. जनावरांच्या डॉक्टरबाई पुढे पिल्लं होऊ नयेत म्हणून मांजरांचं ऑपरेशन फुकट करतात आणि आणून सोडतात. आपण फक्त आधी फोन करायचा आणि मांजरं पकडून ठेवायची. पकडायला मावशी स्वतः तयार आहेत. पिंजरा धरायला एक माणूस हवा, म्हणाल्या.

पिंजरा धरणं हे निमंत्रकाचं काम नव्हे. पण म्हाताऱ्या बाईचं मन कशाला मोडा. बघू, म्हणालो.

संकल्प: तीन महिन्यांत इमारत मांजरमुक्त.

२१ जानेवारी

नोटिशीचा मसुदा केला. आवक-जावक विभागात अख्खी नोकरी काढलेल्या माणसाला मसुदा शिकवायला नको. आमच्या विभागाचं तत्त्व एकच. आलेला कागद आपल्या टेबलावर राहता कामा नये. योग्य विभागाकडे पाठवला की आपली जबाबदारी संपली.

मसुदा: आपापल्या मांजरांना आवर घाला, अन्यथा समितीला कठोर पावलं उचलावी लागतील.

आमची ही वाचून म्हणाली, साहेबाला वाचून दाखवलीत का.

साहेब म्हणजे आमचा बोका. तो यात येत नाही, तो घरचा आहे. पांढराशुभ्र, नाकाखाली फक्त डाव्या बाजूला काळी मिशी, शेपटीचं टोक वाकडं. दिवसभर सोफ्यावर. संध्याकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडून देतो, तेवढाच पाय मोकळे करायला जातो. सकाळी येतो तो ओव्हरटाइम करून आल्यासारखा दमलेला असतो. का ते विचारलेलं नाही. आपण कोणाच्या खाजगी गोष्टीत पडत नाही.

चार वर्षांपूर्वी कन्येला गेटपाशी सापडला होता, बुटाच्या खोक्यात. झाकणाला भोकं पाडलेली, आत पावाचा तुकडा. ते खोकं कन्येने माळ्यावर जपून ठेवलंय. मी त्या माणसाला अजून शिव्या घालतो. जीव टाकून जायचा आणि वर हवेची सोय करायची. पिल्लासाठी नाही, स्वतःच्या मनाला गुदमरायला होऊ नये म्हणून. असली माणसं आरशात कशी बघत असतील कोण जाणे.

२७ जानेवारी

मावशी जिन्यात भेटल्या. डॉक्टरबाईंना फोन केलात का, विचारलं. आधी जनजागृती, मग फोन, असा क्रम समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, भाऊ, मांजरांना वाचता येत नाही. वर म्हणाल्या, पहिल्या फेरीत तुमचा साहेब द्या. एक बोका आवरला की ढीगभर पिल्लं कमी होतील.

मला हे बोलणं अजिबात आवडलं नाही. बोका कधी व्यायला आहे का? आणि एका पुरुषाच्या बाबतीत असं भर जिन्यात बोलायचं? घरी येऊन हिला सांगितलं. ही हसत सुटली. म्हणाली, घाबरू नका, तुम्हाला नाही बोलावलंय.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही वृत्ती वाईट. संकल्प: मावशींपासून चार हात लांब राहणे.

८ फेब्रुवारी, रविवार

पंपाच्या खोलीत पिवळी व्याली. पिवळी म्हणजे मावशींच्या दाराशी पडून असते ती. कन्येने कॉलेजचा अभ्यास टाकून मला ओढत नेलं. अध्यक्ष आणि दुसऱ्या मजल्यावरचे वकील आधीच येऊन उभे होते.

चार पिल्लं. तिघांना नाकाखाली डाव्या बाजूला काळी मिशी. चौथ्याची शेपटी टोकाला वाकडी.

सगळ्यांनी आधी पिल्लांकडे बघितलं, मग माझ्याकडे. अध्यक्षांनी साहेबाची तब्येत विचारली. मी म्हणालो, उत्तम. यात वकिलांना हसण्यासारखं काय दिसलं कळलं नाही. मांजरांत मिशी ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे.

कन्येने माझ्याकडून वचन घेतलं. पिल्लं दोन महिने आईपाशी राहू द्यायची. मग ती मैत्रिणींत विचारून चांगली घरं शोधणार. तोवर समितीने हात लावायचा नाही. मी शब्द दिला. तिने माझा हात धरला आणि थँक्यू बाबा म्हणाली. एवढी मोठी झाल्यापासून हात धरत नाही ती माझा.

१५ फेब्रुवारी

कन्येने नावं ठेवली. मिशीवाली तीन म्हणजे थोरले साहेब, मधले साहेब, धाकटे साहेब. वाकड्या शेपटीचा हुक. नाव ठेवलं की माया जडते, असं मी बजावलं. ती म्हणाली, मग काय नंबर घालू? मी म्हणालो, आमच्याकडे तसंच करतात.

समितीच्या बोर्डाचा नमुना आला. निळ्यावर पांढरी अक्षरं, सुबक. निमंत्रक हा शब्द जरा लहान पडला होता. दुरुस्तीला परत पाठवला.

२ मार्च, सोमवार

पालिकेची गाडी शेजारच्या गल्लीत येऊन गेली. आपल्याकडे आली नाही, कारण कोणी कळवलंच नव्हतं. समन्वयाचा अभाव. मावशी म्हणाल्या, समन्वय तुमच्याकडेच होता ना भाऊ. माणसाला शब्दात पकडायची सवय आहे त्यांना.

फोन मी करणारच होतो. पण त्याच वेळी बोर्ड आला आणि तो सरळ लावण्यात दोन संध्याकाळी गेल्या. अजूनही उजवीकडे किंचित कललेला वाटतो.

९ मार्च

अध्यक्षांनी बोलावून घेतलं. बावीस तारखेला वार्षिक सभा आहे, समितीची प्रगती सांगा म्हणाले. प्रगती सांगितली: बोर्ड एक, नोटिसा तीन. ते म्हणाले, मांजरांचं बोला.

मांजरं वाढली आहेत. पंपाच्या खोलीतली चारही बाहेर येऊन पायात घोटाळतात. हुक तर काल अध्यक्षांच्या बुटात झोपलेला सापडला. पाय घालण्याआधी त्यांनी आत बघितलं म्हणून बरं. त्याला बूट फार आवडतात. अध्यक्ष म्हणाले, निदान ही चार तरी हलवा, सभेला काहीतरी दाखवायला होईल.

विचार केला. मोठ्या रस्त्याला दूध डेअरी आहे. मांजर आणि दूध. याहून योग्य विभाग कोणता असणार?

कन्येला दिलेल्या शब्दाचाही विचार केला. समितीने हात लावायचा नाही, असा तो शब्द होता. मी समिती म्हणून जाणारच नाही, एक नागरिक म्हणून जाईन. आणि याला कोणी सोडून देणं म्हणू नये. याला पुनर्वसन म्हणतात.

१४ मार्च, शनिवार, सकाळ

पुनर्वसन पार पडलं.

कन्या क्लासला, मावशी बहिणीकडे दोन दिवसांसाठी, पिवळी मासळीवाल्याच्या गाडीमागे. आमच्या मिक्सरचं खोकं घेतलं. झाकणाला ऑफिसच्या पेनाने चार भोकं पाडली, प्रत्येकाला एक. आत जुना टॉवेल आणि बशीत दूध. दूध गेटपर्यंतच सांडलं, पण हेतू महत्त्वाचा.

डेअरीच्या मागच्या भिंतीपाशी, सावलीत ठेवलं आणि झाकण उघडलं. तिन्ही साहेब टॉवेलवर उभे राहून बघत होते. हुक बाहेर येऊन माझ्या बुटात तोंड घालायला लागला. पाय सोडवून घेतला. वळून पाहिलं नाही. पाहिलं की जनावराचा जीव अडकतो.

घरी येऊन हात धुतले. पुन्हा धुतले. चहा बरा लागला नाही. हिला म्हटलं, दूध बदललंस का. नाही म्हणाली.

एक काम हातावेगळं झाल्याचं समाधान आहे. असं लिहून ठेवतो.

१४ मार्च, संध्याकाळ

पिवळी पंपाच्या खोलीत जाते, बाहेर येते, जिन्यात उभी राहून ओरडते, परत आत जाते. कन्येने मला विचारलं. मी म्हणालो, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, नेली असतील कुठे तरी.

तिला लगेच पटलं. इतकं पटकन पटायला नको होतं. म्हणाली, मग उद्या आपण सातही घरं शोधू, बाबा.

१५ मार्च, रविवार

शोधलं. मीटरची खोली, जिन्याखालच्या सायकली, गच्चीवरच्या टाकीखाली. टॉर्च माझ्या हातात. कन्या पोटावर झोपून आत बघायची आणि म्हणायची, बाबा, जरा डावीकडे. मी डावीकडे प्रकाश पाडायचो. अगदी मन लावून. टाकीखाली काही तरी हललं तेव्हा माझ्याही काळजात हललं, की सापडली बहुतेक. कागद होता.

तिच्या कपाळाला कोळिष्टकं लागली होती. रुमालाने पुसली. ती म्हणाली, बाबा, सुट्टी सोडून तुम्ही माझ्याबरोबर फिरताय, किती चांगले आहात.

हे वाक्य लिहायला नको होतं. आता लिहिलंच आहे तर खोडत नाही.

१६ मार्च

मावशी परत आल्या. दाराशी पिवळीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पिल्लं नाहीत, त्यामुळे दूध साठून तिची आचळं दगड झाली आहेत. मावशी गरम पाण्यात फडकं बुडवून शेकत होत्या. मला बघून म्हणाल्या, भाऊ, जरा भांडं धरता का.

धरलं. पिवळी माझ्याकडे बघत नव्हती. शेक लागला की डोळे मिटायची, मग कान टवकारून पंपाच्या खोलीकडे बघायची. तिला काही माहीत नाही. मावशींनाही नाही. मला लाज वाटली. मसुदा न करता लिहितो, लाज वाटली, मान वर होईना. पाणी गार होईपर्यंत तसाच उभा राहिलो.

वर आमच्या खिडकीत साहेब बसला होता. त्याने एक लांबलचक जांभई दिली. त्याला तरी काय बोलणार. रोज खिडकी मी उघडून देतो.

संकल्प: उद्या रजा काढून डेअरीची पाहणी. फक्त पाहणी.

१७ मार्च, सकाळ

पाहणी केली.

डेअरीच्या मागे भिंतीपाशी एक गृहस्थ उभे होते. डोक्यावर टोपी, हातात फडक्याने झाकलेली टोपली. आमच्या मागच्या इमारतीतले. आमच्या नोटिशीची भाषा आवडली म्हणून एक प्रत मागून नेली होती त्यांनी. मी म्हटलं, उकडतंय. ते म्हणाले, फारच. तेवढ्यात टोपलीतून म्याव आलं. ते खोकले. पुन्हा म्याव आलं, पुन्हा खोकले. मी म्हटलं, गरम पाणी पीत जा. 

शेवटी तेच बोलले. त्यांच्याकडेही समिती आहे आणि तेच निमंत्रक. इतके दिवस आम्ही पिल्लं तुमच्या मागच्या गेटपाशी सोडायचो, म्हणाले. तिथे एक मावशी खायला घालतात, सोय चांगली आहे. दोन वर्षांपूर्वी एक पिवळं पिल्लू सोडलं होतं, ते तर छान वाढलं. पण अलीकडे तुमच्याकडे गर्दी फार झाली, म्हणून इकडे आलो. मग माझ्या नजरेला नजर न देता विचारलं, तुम्ही इकडे कसे?

पाहणी, म्हणालो.

एकाची जावक ती दुसऱ्याची आवक. त्याच खात्यात केस पांढरे झाले आणि हे मला डेअरीच्या मागे उमगलं.

माझं खोकं भिंतीपाशी आडवं पडलं होतं. टॉवेल आत होता, पिल्लं नव्हती. डेअरीचा कामगार दुधाचे कॅन धूत होता, त्याला विचारलं. एक बॉयलरमागे उबेला बसतं, म्हणाला. बाकीची तीन? त्याने रस्त्याकडे हात केला. तिथे टँकर वळत होता. तो पुन्हा कॅन धुवायला लागला. मी बॉयलरकडे वळलो.

बॉयलरमागे हुक होता. अंगभर काजळी. मला बघून पळाला नाही. सरळ आला आणि माझ्या बुटावर बसला. पळाला असता तर बरं झालं असतं.

उचलला. मग काय वाटलं कोण जाणे, टोपीवाल्यांच्या हातातली टोपलीही घेतली. ते नको म्हणाले नाहीत. आत तीन पिल्लं. सगळी खोक्यात ठेवली. तीन आणि एक चार. गेली होती चार, परत आली चार. नोंद जुळली. येताना रस्त्यात मला चक्क हलकं वाटलं. सापडली असं सांगता येईल, कोणाला काही कळायचं कारण नाही.

१७ मार्च, दुपार

खोकं पंपाच्या खोलीत ठेवून हाक मारली, सापडली सापडली. मावशी आल्या. कन्या जिना उतरून धावत आली, एका पायात चप्पल.

पिवळीने हुकला आधी चाटलं. पार काजळी निघेपर्यंत. मग थांबली. बाकीची तिन्ही हुंगली, इकडेतिकडे बघितलं, पुन्हा हुंगली. मग त्यांनाही चाटायला घेतलं. मी म्हणालो, बघा, आई बरोबर ओळखते.

तिन्ही पिल्लं करडी होती. मिशी एकालाही नव्हती.

मावशींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.  कन्येने खोकं उचललं, आमच्या मिक्सरचं. झाकण उलटसुलट करून पाहिलं. एका भोकात बोट घातलं, मग दुसऱ्यात. मग विचारलं, ही कधी पाडलीत, बाबा?

मी उत्तर जुळवत होतो.   तेवढ्यात ती खोकं काखेत घेऊन वर निघून गेली.

२२ मार्च, रविवार

वार्षिक सभा. अहवाल लिहून नेला होता. त्यात पुनर्वसन हा शब्द पहिल्याच ओळीत होता. तिथेच अडखळलो. कागद खाली ठेवला आणि म्हणालो, चार पिल्लं मी डेअरीमागे टाकून आलो. त्यातली तीन मेली. मुलीला शब्द दिला होता, तो मोडला. त्यांचा बाप आमचा साहेब आहे, आणि फोन मी केला नाही म्हणून गाडी आली नाही.

लोक अंगावर येतील अशी तयारी ठेवली होती.

कोणी रागावलं नाही. अध्यक्ष म्हणाले, झालं ते झालं. वकील म्हणाले, डेअरीपेक्षा मासळी बाजार बरा, ते गेल्या वर्षी तिथेच दोन ठेवून आले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना बाजार लांब पडतो, त्यांना शाळेची मागची बाजू सोयीची वाटते. बोलता बोलता प्रत्येकाने आपापली जागा सांगितली. एवढी खेळीमेळीची सभा बऱ्याच वर्षांत झाली नव्हती. शेवटी माझ्या आभाराचा ठराव झाला, गुच्छ दिला, टाळ्या वाजल्या.

मावशी मधेच उठून गेल्या. त्यांच्यामागून कन्या. मी गुच्छ धरून उभा होतो. तो कुठे ठेवायचा तेही कळेना.

६ एप्रिल, सोमवार

फोन मी केला. गाडी आली. पिंजरा मी धरला.

मावशी एकेक मांजर अलगद पकडून आणत होत्या, कन्या फडकं टाकत होती. पिल्लं आता स्वतःचं स्वतः खातात, म्हणून पिवळीही गेली. शेवटी साहेब. त्याला सोफ्यावरून मीच उचलून आणला. डॉक्टरबाईंनी विचारलं, हा कोणाचा. माझा, म्हणालो. मग विचारलं, बाकीची कोणाची. गेटपाशी अध्यक्ष होते, वकील होते. दोघेही मोबाइलमध्ये बघायला लागले. डॉक्टरबाई थांबून होत्या. मी म्हणालो, तीही आमचीच.

मांजर समिती बरखास्त झाली आहे. बोर्ड उतरवला, भिंतीवर चार खिळे राहिले. आता मावशी आणि कन्या बघतात. मला पद नाही. कन्या माझ्याशी कामापुरतं बोलते. आज दिवसभरात एवढंच म्हणाली, पिंजरा सरळ धरा. धरला.

करडी तिन्ही पिल्लं तिने घरं बघून दिली. हुकला कोणी न्यायला आलं तेव्हा ती नाही म्हणाली. तो माझ्या बुटात झोपतो. मी ऑफिसला चपला घालून जातो.

साहेब परत आला की त्याला अंथरायला काही तरी हवं, म्हणून दुपारी माळ्यावर चढलो. तिथे दोन खोकी शेजारी शेजारी ठेवलेली दिसली. साहेबाचं बुटाचं आणि माझं मिक्सरचं. बुटाचं खोकं मी चार वर्षांत कधी हातात घेतलं नव्हतं, शिव्या लांबूनच देत होतो. आज घेतलं. त्या माणसाने प्रत्येक भोकाची कड आत दुमडली आहे आणि त्या कडेवर चिकटपट्टी लावली आहे, पिल्लाचं नाक खरचटू नये म्हणून.

माझ्या खोक्याच्या भोकांवरून बोट फिरवून पाहिलं. कडा फाटक्या आहेत, आणि चारही भोकांना ऑफिसच्या पेनाची शाई लागलेली आहे.